शाप, परी आणि रंगभूमी

परी, राजपुत्र, शाप आणि उःशाप हे शब्द आपण लहानपणी गोष्टींमधून ऐकलेले असतात. मोठेपणी मात्र अशा कथांना आपण केवळ मनोरंजन समजून बाजूला सारतो. प्रस्तुत पाठात अशाच एका परीकथेचा परिचय करून घेऊ. लखनौमध्ये जन्मलेल्या या कथेचे मराठी रंगभूमीशी जवळचे नाते आहे.

‘इंदरसभा’ची कथा

लखनौच्या उत्तरेकडील जानकीपुरमसारख्या वसाहती अलीकडच्या काळातील आहेत. जुने लखनौ ही अवधच्या नवाबांची राजधानी होती. वाजिद अली शाह यांच्या कारकिर्दीत, १८५३ च्या सुमारास, आगा हसन अमानत या कवीने तेथे ‘इंदरसभा’ हे उर्दू पद्यनाटक लिहिले. इंद्राच्या दरबारात पुखराज, नीलम, लाल आणि सब्ज अशा चार पऱ्या आहेत. सब्जपरी महालाच्या गच्चीवर झोपलेल्या राजपुत्र गुलफामवर मोहित होते व काळ्या देवाकरवी त्याला आणवते. इंद्राची सभा पाहण्याचा गुलफाम हट्ट धरतो. मानवाला तेथे प्रवेश नसतो. लाल देव ही गोष्ट उघड करतो. क्रुद्ध झालेला इंद्र गुलफामला विहिरीत कैद करतो आणि परीचे पंख काढून तिला हाकलून देतो.

परी जोगीण होऊन गात हिंडते. तिच्या गायनाची कीर्ती इंद्राच्या कानी पडते. प्रसन्न झालेला इंद्र तिला बक्षीस देऊ करतो, तेव्हा ती गुलफामची मुक्तता मागून घेते.

दोन परंपरांचा संगम

या नाटकातील ‘देव’ म्हणजे पूजनीय देवता नव्हे. फारसी कथांत हा शब्द राक्षसासाठी वापरतात. ‘परी’ हा शब्दही फारसीतूनच आपल्याकडे आला. इंद्र मात्र भारतीय पुराणांतला. गझल, ठुमरी, होरी असे गीतप्रकारही येथे एकत्र नांदतात.

शाप आणि उःशाप

आपल्या प्राचीन कथांत शापाला बहुधा उःशाप, म्हणजे सुटकेची वाट असते. कालिदासाच्या शकुंतलेला दुर्वास ऋषींचा शाप भोवतो. ओळखीची खूण दिसताच तो सरेल, असा उतारा मिळतो. ती खूण म्हणजे अंगठी, आणि ती नेमकी हरवते. सब्जपरीला असा उतारा कोणी देत नाही. पंख गेले तरी कंठातील विद्या तिच्यापाशी उरते, आणि त्या विद्येच्या बळावर ती आपली वाट स्वतः शोधते.

लखनौहून पुण्याकडे

१८५६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अवधचे राज्य खालसा केले. वाजिद अली शाह कलकत्त्यास गेले. राज्य लयाला गेले, पण ‘इंदरसभा’ टिकली. पारशी नाटक मंडळ्यांनी तिचे प्रयोग केले. असा एक प्रयोग पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांना मराठीत संगीत नाटक करण्याची प्रेरणा मिळाली, असे नाट्येतिहासात सांगितले जाते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला. त्या दिवशी पहिले चार अंकच सादर झाले. शापाचे निवारण पुढच्या अंकांत होते. पुढे १९३२ मध्ये ‘इंदरसभा’वर बोलपट निघाला. त्यात सुमारे ७० गाणी होती.

परीकथा काल्पनिक असते. तिच्यातील विरह, अन्याय आणि धैर्य मात्र खरे असते. ज्याचे सर्वस्व हिरावले गेले, त्याच्यापाशी काय उरते, हा प्रश्न ‘इंदरसभा’ विचारते. अंगी असलेली विद्या उरते, असे तिचे उत्तर आहे.

पाठगत प्रश्न

१. ‘देव’ या शब्दाचा ‘इंदरसभा’तील अर्थ स्पष्ट करा.
२. शकुंतला व सब्जपरी यांच्या सुटकेतील फरक सांगा.
३. तुमच्या परिसरात सांगितली जाणारी शापाची एखादी कथा आठ-दहा ओळींत लिहा.