भट्टी शेडमध्ये, टाकी बाहेर

दिवाळीच्या पणत्यांचं काम यंदा बऱ्याच गटांनी हाती घेतलंय. लाकडाचा आणि गोवऱ्यांचा आवा लावायचा तर पाऊस आडवा येतो, धुरानं डोळे चुरचुरतात आणि बऱ्याच पणत्या कच्च्या नाहीतर काळ्या निघतात. म्हणून गॅसच्या भट्टीचा विचार सुरू झालाय. विचार चांगला आहे. पण गॅस भट्टीपर्यंत न्यायचा कसा, हे आधी नीट समजून घेऊ.

मध्यंतरी निफाड तालुक्यातल्या एका गटाकडे गेले होते. भट्टी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवलेली. गॅस मात्र स्वयंपाकघरातल्या लाल टाकीतून, दोन रबरी नळ्या एकमेकींना जोडून, खिडकीतून शेडपर्यंत नेलेला. मधल्या जोडाला तार गुंडाळलेली आणि शेजारी लेकरं खेळत होती. मी म्हटलं, हे बंद करा. तर एक ताई म्हणाल्या, "अहो ताई, वास तर येत नाही ना!" मी साबणाचं पाणी मागवलं आणि त्या जोडावर टाकलं. लगेच बुडबुडे आले.

वास का आला नाही? आपल्या टाकीतला गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर उडून जात नाही, पाण्यासारखा खाली उतरतो आणि जमिनीलगत पसरतो. अंगणात वारा असला तर नाकापर्यंत पोचतच नाही. पण बंद शेडमध्ये, खड्ड्यात, गटारीत तो साचून राहतो. मग एक ठिणगी पुरते. म्हणून नाकावर भरवसा ठेवू नका, साबणाच्या पाण्यावर ठेवा.

आता व्यवस्था कशी करायची ते सांगते.

पहिली गोष्ट, टाकी. घरची १४.२ किलोची लाल टाकी धंद्याला वापरायला कायद्यानं मनाई आहे. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडचणीत येतो. गटाच्या नावावर १९ किलोची व्यावसायिक टाकी घ्या. भट्टी गॅस झपाट्यानं ओढते, त्यामुळे टाकी गार पडते, बाहेरून दव किंवा बर्फ धरतो आणि ज्योत मंदावते. अशा वेळी टाकीवर गरम पाणी ओतू नका, टाकी आडवी करू नका, खाली विस्तव तर मुळीच नको. फिटरकडून दोन टाक्या एकत्र जोडून घेतल्या की हा त्रास कमी होतो. एका वेळी १०० किलोपेक्षा जास्त गॅस साठवायचा असेल तर वेगळा परवाना लागतो, हेही लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट, जागा. टाक्या शेडच्या बाहेर, उभ्या, सपाट ओट्यावर आणि सावलीत ठेवा. जवळ गटार, खड्डा किंवा तळघर नको. भोवती जाळी असावी, पण हवा खेळती राहू द्या.

तिसरी गोष्ट, लाइन. टाकीपासून भट्टीपर्यंत लोखंडी किंवा तांब्याची पक्की लाइन हवी, आणि ती गॅसचं काम जाणणाऱ्या फिटरकडूनच करून घ्या. रबरी नळी फक्त टोकाला, दीड मीटरपेक्षा लांब नको, मध्ये जोड नको आणि भिंतीतून तर नेऊच नका. एक कॉक टाकीजवळ आणि दुसरा शेडच्या बाहेर दाराशी हवा. आत आग लागली तर आत न जाता गॅस बंद करता आला पाहिजे. फिटर गेला की झालं असं समजू नका. त्याच्यासमोर लाइनमध्ये हवेचा दाब भरून तपासणी करून घ्या.

चौथी गोष्ट, शेड. खाली जमिनीलगत आणि वर छपराजवळ, दोन्हीकडे झरोके ठेवा. खालून साचलेला गॅस निघतो, वरून जळलेली हवा जाते. भट्टीला हवा कमी पडली तर विषारी वायू तयार होतो. त्याला वास नसतो. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर सगळ्या बाहेर या. भट्टी चालू असताना शेडमध्ये कोणीही झोपायचं नाही.

पाचवी गोष्ट, पेटवणं. आधी भट्टीचं दार उघडा, मग काकडा पेटवून बर्नरजवळ धरा आणि त्यानंतरच गॅस सोडा. मध्येच ज्योत विझली तर गॅस बंद करा, दार उघडून दहा मिनिटं थांबा, मगच पुन्हा पेटवा. घाई केली तर भट्टीत साचलेला गॅस एकदम भडकतो. बर्नर घेतानाच ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारा व्हॉल्व्ह मागा. त्याचे पैसे वाचवू नका.

गळती वाटली तर विजेचं कोणतंच बटण दाबू नका, चालूही नको आणि बंदही नको. बाहेरचा कॉक फिरवा, लेकरांना लांब न्या आणि लांब जाऊनच १९०६ या नंबरवर फोन करा.

व्यावसायिक टाकी महाग पडते, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. म्हणून हिशेब ठेवा. भट्टी लावण्याआधी आणि नंतर टाकीचं वजन करा. समजा ३४ किलोची टाकी २८ किलो भरली, तर सहा किलो गॅस जळला. त्याची किंमत चांगल्या निघालेल्या पणत्यांवर वाटा आणि तेवढे पैसे पणतीच्या भावात धरा. घरची टाकी लपवून वापरली तर पणती स्वस्त पडत नाही, फक्त खर्च दिसत नाही.

निफाडच्या त्या ताईंनी जोड नळी त्याच दिवशी काढली. फिटरच्या खर्चासाठी गटानं अंतर्गत कर्जाचा ठराव केला. तुमच्या पुढच्या बैठकीत हाच विषय घ्या, आणि जाताना साबणाच्या पाण्याची बाटली सोबत न्या.