मुक्काम ठरला की फोटो ठरला

रतनवाडीच्या अमृतेश्वराला हात जोडून निघायचं, रतनगड चढायचा, कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेतला उतरायचं, तिथून पाचनई गाठायची आणि शेवटी हरिश्चंद्रगड. सह्याद्रीतली ही तंगडतोड साधारण तीन दिवसांची. पाठीवर शिधा, अंथरूण, पाणी आणि आता बहुतेकांच्या सॅकमध्ये कॅमेराही. परतल्यावर मात्र एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘डोळ्यांना दिसलं ते फोटोत आलंच नाही.’

मग नव्या लेन्सची चौकशी सुरू होते. या वाटेवर कॅमेरा घेऊन अनेकदा चालल्यावर माझं मत पक्कं झालं आहे, की आधी चौकशी वेळापत्रकाची करावी. आपण पहाटे गावातून निघतो, माथ्यावर भर दुपारी पोहोचतो आणि उन्हं कलली की घाईने उतरायला लागतो. डोंगर ज्या वेळी सर्वांत बोलका असतो, नेमके तेव्हा आपण त्याच्या पायथ्याशी असतो.

थर उठून दिसतात तेव्हा

सह्याद्री हा काळ्या बसाल्टचा डोंगर. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले, पुढे पावसाने आणि नद्यांनी ते कापून काढले. म्हणून आपल्या कड्यांवर त्या आडव्या पट्ट्या दिसतात. सूर्य डोक्यावर असताना समोरचा कडा सपाट भिंतीसारखा वाटतो. तोच प्रकाश बाजूने, खालच्या कोनातून आला की प्रत्येक थराची सावली पडते, घळी खोल होतात, सुळके मागच्या डोंगरापासून सुटे होतात. आपल्या अक्षांशावर सूर्य तासाला जवळपास १४ अंश वर चढतो. त्यामुळे हा तिरपा उजेड फार तर पाऊण तास टिकतो. गावातून गडावर चढायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

म्हणून पहिला मुक्काम रतनगडावरच्या गुहेत करावा. पहाटे विजेरीच्या उजेडात नेढ्याकडे निघावं. कातळाला आरपार पडलेल्या त्या भोकात बसलं की उत्तरेला अलंग, मदन, कुलंग हे गड दिसतात आणि उजवीकडून येणारं कोवळं ऊन त्यांचे थर एकेक करून उजळवतं. नेढ्यात वारा असा भन्नाट, की हलका ट्रायपॉड थरथरतो. त्याला सॅक अडकवून वजन द्यावं, किंवा सरळ खाली बसून दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकवावीत, अर्धा श्वास सोडावा आणि मग बटण दाबावं.

त्या वेळी आकाश उजळलेलं असतं आणि दरी अजून अंधारात. डोळा दोन्ही सांभाळून घेतो, कॅमेऱ्याला ते एका दमात जमत नाही. एक्सपोजर आकाशाच्या हिशेबाने ठेवावं आणि फोटो रॉ फाइलमध्ये घ्यावा. सावलीतला तपशील नंतर बराच वर काढता येतो, पांढरंफटक जळालेलं आकाश मात्र परत आणता येत नाही. आणि चौकटीत एखादी माणसाची आकृती असू द्यावी. तिच्यावाचून हजार फुटांचा कडाही बांधासारखा दिसतो.

सॅक हलकी, नजर ताजी

कात्राबाईच्या खिंडीची चढण सॅकमधल्या प्रत्येक जादा वस्तूचा हिशेब मागते. दमलेला माणूस कॅमेरा बाहेर काढत नाही. माझ्याकडे आता एक बॉडी, एक झूम लेन्स, छोटा ट्रायपॉड, तीन बॅटऱ्या, पोलरायझर आणि लेन्स पुसायला दोन कोरडी फडकी असतात. पाण्याचं वजन मात्र कमी करत नाही.

मोजकं असलं की माणूस विचार करतो. १० एप्रिल १९२७ रोजी अमेरिकेच्या योसेमिटीत पंचवीस वर्षांचा अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स अवजड कॅमेरा आणि काचेच्या १२ प्लेटा घेऊन हाफ डोमसमोरच्या कड्यावर चढला. तिथे पोहोचेपर्यंत दोनच प्लेटा उरल्या होत्या. पहिली त्याने पिवळा फिल्टर लावून वापरली. लगेच त्याच्या लक्षात आलं, की या कड्याचा जो दरारा आपल्याला जाणवतोय तो यात उतरणार नाही. शेवटच्या प्लेटेसाठी त्याने गडद लाल फिल्टर लावला. आकाश जवळपास काळं झालं, कडा अंगावर आला आणि जगभर गाजलेलं ‘मोनोलिथ’ जन्मलं. बटण दाबण्याआधी चित्र मनात दिसायला हवं, हा धडा तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला.

ऊन पाठीवर येऊ द्या

शेवटचा मुक्काम हरिश्चंद्रगडावर. पश्चिमेला तोंड करून उभा असलेला कोकणकडा सूर्यास्तासाठी प्रसिद्ध आहे. इथेही तारीख पाहून जावं. जून आणि डिसेंबर यांमध्ये सूर्य मावळण्याची जागा क्षितिजावर सुमारे ५० अंशांनी सरकते. पण या कड्याचं खरं नवल सकाळचं आहे : इंद्रवज्र. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ साली छापून आलेल्या आपल्या हवामानविषयक प्रबंधात इथल्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याची नोंद केली आहे. सूर्य पाठीशी आणि समोर खाली दरीत धुकं, असा योग जुळला की धुक्याच्या सूक्ष्म थेंबांतून प्रकाश उलटा फिरतो आणि आपल्या सावलीभोवती रंगीत कडं उमटतं.

सप्टेंबरातल्या एका सकाळी कोकण पांढऱ्या धुक्याने काठोकाठ भरलं होतं. पठारावर सोनकी पिवळीजर्द फुललेली. मी कॅमेरा लावून उतावीळ झालो होतो. सोबत पाचनईचे वाटाडे मामा होते. ते म्हणाले, “दादा, घाई नका करू. ऊन पाठीवर येऊ द्या.” पाठ ऊबदार झाली, कड्याशी पालथे झोपून आम्ही खाली डोकावलो, आणि धुक्यावर दोन सावल्या पडल्या. “माझ्या डोक्याभोवती कडं आलं बघा,” मामा म्हणाले. मला तर ते माझ्या डोक्याभोवती दिसत होतं! दोघंही खरं सांगत होतो. ज्याचे डोळे, त्याच्याच सावलीभोवती ते वर्तुळ. फोटोत ते कॅमेऱ्याच्या सावलीभोवती आलं. शेजारच्या माणसाचं इंद्रवज्र टिपताच येत नाही.

सूर्य चढत गेला तसं ते कडं कड्याच्या बुंध्याकडे खाली सरकत गेलं आणि धुकं विरलं. परतताना पायथ्याहून वर येणारी मंडळी भेटली. “काही दिसलं का?” त्यांनी विचारलं. मी स्क्रीन दाखवला. ती पोहोचणार तेव्हा सूर्य डोक्यावर असणार होता आणि ज्या सावलीभोवती ते कडं उमटतं, ती त्यांच्या पायाखालच्या कातळावर पडणार होती. “आज रात्री गडावरच राहा,” मी म्हणालो.