चित्रपटकलेची पदविका : व्यय आणि प्राप्ती

पुण्यातील लॉ कॉलेज रस्त्यावर ज्या आवारात भारतीय चित्रपट व दूरचित्रवाणी संस्था आहे, त्याच आवारात १९३३ पासून प्रभात फिल्म कंपनीचा स्टुडिओ होता. एकाच जागेत चित्रपटविद्या शिकण्याच्या दोन निरनिराळ्या व्यवस्था एकामागून एक नांदल्या, आणि दोहोंत पैशाचा ओघ परस्परविरुद्ध दिशांनी वाहिला. प्रभातमधील होतकरू कलावंत कंपनीचा पगार घेऊन काम शिकत असे. गुरुदत्त १९४४ मध्ये तेथे आले ते तीन वर्षांच्या करारावर. १९६० मध्ये स्थापन झालेल्या संस्थेतील विद्यार्थी मात्र शुल्क भरून शिकतो. या शिक्षणाचा खर्च पुढील मिळकतीतून भरून निघतो काय, हा प्रश्न हाती घेण्यापूर्वी तो खर्च विद्यार्थ्याच्या शिरावर आला कसा, हे पाहणे उपयुक्त ठरेल.

गॅरी बेकर यांनी १९६४ च्या आपल्या मानवी भांडवलावरील ग्रंथात प्रशिक्षणाचे दोन प्रकार केले आहेत. जे कौशल्य एकाच कारखान्यात उपयोगी पडते, त्याच्या खर्चाचा वाटा मालक उचलतो. जे कौशल्य कोणत्याही कारखान्यात चालते, त्याचा खर्च मालक करीत नाही, कारण शिकून तयार झालेला मनुष्य उद्या दुसऱ्याकडे जाऊ शकतो. छायाचित्रण, संकलन, ध्वनिमुद्रण ही कौशल्ये उघडच दुसऱ्या वर्गातील आहेत. तथापि स्टुडिओच्या करारपद्धतीत कलावंत ठरावीक वर्षे बांधलेला असल्यामुळे मालकाला शिकविणे परवडत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत मोडली, कलावंत व तंत्रज्ञ चित्रपटागणिक मोबदला घेऊ लागले, आणि शिकविण्याचा खर्च उचलण्यास कोणी उरले नाही. १९४९ मध्ये नेमलेल्या पाटील समितीने १९५१ च्या अहवालात सरकारी शिक्षणसंस्थेची शिफारस केली, तिच्यामागे ही पोकळी होती. खर्च मालकाकडून सरकारी तिजोरीकडे आला, आणि अलीकडे तिजोरीकडून हळूहळू विद्यार्थ्याकडे सरकत आहे. दरसाल १० टक्के शुल्कवाढीच्या धोरणाविरुद्ध डिसेंबर २०१९ मध्ये पुण्यातील विद्यार्थ्यांनी उपोषण केले. या दराने शुल्क आठ वर्षांत दुपटीहून अधिक होते, हे चक्रवाढीच्या साध्या गणितावरून दिसते.

तरीही शुल्क हा या शिक्षणाच्या खर्चाचा लहान भाग आहे. समजा, वार्षिक शुल्क दीड लाख रुपये, राहण्याजेवण्याचा खर्च दीड लाख, आणि विद्यार्थी नोकरीत असता तर त्याने मिळविले असते ते तीन लाख. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. तीन वर्षांचा एकूण व्यय १८ लाख होतो आणि त्यात शुल्काचा वाटा एक चतुर्थांशच असतो. घरोघरी होणाऱ्या हिशेबात सोडून दिलेली मिळकत धरली जात नाही, कारण ती कोणाच्या खिशातून जाताना दिसत नाही. आता हाच अभ्यासक्रम पाच वर्षे लांबला आणि वाढीव दोन वर्षांचे शुल्क माफ झाले, असे मानले, तरी ९ लाखांची भर पडते. म्हणजे तिन्ही वर्षांच्या शुल्काच्या दुप्पट रक्कम केवळ विलंबापोटी खर्ची पडते. ही कल्पित आपत्ती नव्हे. २००८ च्या प्रवेशवर्गातील काही विद्यार्थी २०१५ मध्येही पुण्याच्या संस्थेत होते आणि त्यांच्या अपुऱ्या पदविकाचित्रपटांच्या मूल्यमापनावरून त्या वर्षी मोठा वाद झाला. शुल्कवाढीची चर्चा जितक्या हिरिरीने होते तितक्याच हिरिरीने अभ्यासक्रम वेळेवर पुरा होण्याची चर्चा झाली, तर विद्यार्थ्याचा अधिक लाभ होईल.

प्राप्तीची बाजू अधिक बिकट आहे. चित्रपटव्यवसायातील मिळकतीची सरासरी काढणे म्हणजे जवळजवळ निरर्थक संख्या हाती घेणे होय. शेर्विन रोझेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, ज्या व्यवसायात एका कलावंताचे काम एकाच वेळी लाखो प्रेक्षकांपर्यंत पोहोचते, तेथे गुणांतील अल्प अंतर मिळकतीत प्रचंड अंतर निर्माण करते. मूठभरांची अफाट मिळकत सरासरीला वर ओढते आणि बहुसंख्य लोक त्या सरासरीच्या पुष्कळ खाली राहतात. यासाठी मध्यक, म्हणजे अर्धे ज्याच्या वर व अर्धे ज्याच्या खाली असतात तो आकडा, पाहावा लागतो. ॲडम स्मिथने १७७६ मध्येच अशा व्यवसायांची तुलना सोडतीशी केली होती. वीस जण हरतात तेथे जिंकणाऱ्या एकाला विसांचे गेलेले सारे मिळावयास हवे. तसे मिळत नाही, आणि तरुण माणसे आपल्या नशिबाविषयी नेहमीच अवाजवी आशा बाळगतात, असे त्याचे निरीक्षण आहे.

या मोजमापाचे ठळक उदाहरण अमेरिकेतील आहे. तेथील शिक्षण खात्याच्या आकड्यांवरून वॉल स्ट्रीट जर्नल या वृत्तपत्राने २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील चित्रपटविषयक पदव्युत्तर अभ्यासक्रमाची स्थिती प्रसिद्ध केली. सरकारी कर्ज घेतलेल्या पदवीधरांच्या कर्जाचा मध्यक १ लाख ८१ हजार डॉलर होता, आणि पदवीनंतर दोन वर्षांनी त्यांपैकी निम्म्यांची वार्षिक मिळकत ३० हजार डॉलरपेक्षा कमी होती. व्याजाचा दर ७ टक्के धरला, तर नुसते व्याजच वर्षाला साडेबारा हजार डॉलरांहून अधिक होते. मुद्दल फिटण्याची गोष्ट दूरच राहिली.

परंतु दोन वर्षांनी केलेले मोजमाप या व्यवसायाला न्याय देते काय? अडूर गोपालकृष्णन १९६५ मध्ये पुण्याच्या संस्थेतून बाहेर पडले. त्यांचा पहिला कथापट ‘स्वयंवरम्’ १९७२ मध्ये आला. कुमार शहानी यांच्या ‘मायादर्पण’ (१९७२) आणि ‘तरंग’ (१९८४) या चित्रपटांमध्ये बारा वर्षांचे अंतर आहे. दिग्दर्शकाचे फळ उशिरा येते आणि सलग येत नाही. या उशिराची किंमत मांडता येते. वर घेतलेले १८ लाख रुपये पंचवीस वर्षांत ८ टक्के व्याजाने भरून यावयाचे असतील, तर शिक्षणामुळे होणारी वार्षिक मिळकतवाढ सुमारे १ लाख ६९ हजार असावी लागते. तीच वाढ पहिली सात वर्षे शून्य राहिली, तर उरलेल्या अठरा वर्षांत ती दरसाल सुमारे ३ लाख २९ हजार असावी लागते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. भारतीय बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्जयोजनेत मात्र अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने हप्ते सुरू होतात. अभियंत्याच्या जीवनक्रमावर बेतलेला हा कालावधी आहे. दिग्दर्शकाला तो लागू पडणार नाही.

ध्वनी, संकलन वा छायाचित्रण शिकलेल्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचे श्रम दिवसाच्या किंवा कामाच्या दराने विकले जातात. चित्रपट नसेल तेव्हा जाहिरात, दूरचित्रवाणी, माहितीपट यांत ते खपतात. एकाच आवारातील या शाखांचा हिशेब दिग्दर्शनाच्या हिशेबात मिसळणे ही चूक सर्रास होते. आणखी एक चूक निवडीसंबंधीची आहे. कठोर प्रवेशपरीक्षेतून आलेला विद्यार्थी संस्थेत न जाताही कदाचित पुढे आला असता. म्हणून त्याची तुलना सामान्य पदवीधराशी न करता, बाविसाव्या वर्षी थेट मुंबईत साहाय्यक म्हणून उभा राहिलेल्या तितक्याच गुणी तरुणाशी करावयास हवी. अशी तुलना करू पाहिली की पदविकेची खरी कमाई नेमकी कोणती, हे ठरविणे कठीण जाते. निर्मात्याच्या दारी प्रमाणपत्र क्वचितच मागितले जाते. ते लागते अध्यापकाच्या नोकरीसाठी. निर्मात्याकडे उपयोगी पडतात त्या सहाध्यायांच्या ओळखी आणि एक हाताशी असलेला पदविकाचित्रपट.

अमेरिकेने २०२५ च्या कायद्याने पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या सरकारी कर्जावर मर्यादा घातली. सर्वसाधारण अभ्यासक्रमांसाठी ती वर्षाला २० हजार ५०० व एकूण १ लाख डॉलर असून १ जुलै २०२६ पासून लागू होते. ज्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पदवीधरांची मिळकत नुसत्या प्रथम पदवीधारकांच्या मध्यकाहून सतत कमी राहील, त्याचे कर्ज बंद करण्याची तरतूदही त्यात आहे. कर्जबाजारी होणाऱ्या तरुणांना आवर घालण्यास ही कसोटी उपयोगी आहे यात शंका नाही. पण तीत मिळकत मोजावयाची ती अभ्यासक्रम संपल्यानंतर चौथ्या वर्षाच्या सुमारास. आणि १९६५ मध्ये पुण्याहून बाहेर पडलेल्या अडूरांची अशी मोजणी १९६९ मध्ये झाली असती, ‘स्वयंवरम्’ पडद्यावर येण्यापूर्वी तीन वर्षे.