कटिंगची परीक्षा विसाव्या दिवशी

खुर्चीतून उठताना आरशात दिसणारी कटिंग जवळजवळ नेहमीच चांगली दिसते. केस नुकतेच विंचरलेले असतात, मानेवर पावडर असते आणि मागे छोटा आरसा धरून कारागीर विचारतो, "बरोबर आहे ना?" आपण मान डोलावून पैसे देतो. खरा निकाल पुढच्या अठरा-वीस दिवसांत लागतो. एकाने कापलेले केस तिसऱ्या आठवड्यातही नुसता हात फिरवला तरी जागेवर बसतात, तर दुसऱ्याने कापले की कानांवर दहाव्या दिवशीच झुपके उभे राहतात. डोके तेच, केस तेच, फरक हाताचा. म्हणून कारागीर निवडताना दुकानाचा थाट मागे ठेवावा आणि एकच गोष्ट पाहावी : त्याने कापलेले केस वाढताना कसे दिसतात?

वाढीचे साधे गणित

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे पंधरा दिवसांत जवळपास अर्धा सेंटिमीटर. आता मशीनच्या कंगव्यांचे नंबर आठवा. बहुतेक मशीनांत १ नंबर म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर, २ म्हणजे ६, ३ म्हणजे १० आणि ४ म्हणजे १३. अर्धा नंबर म्हणजे दीड मिलिमीटर.

आज कडेला अर्धा नंबर मारून घेतला, तर पंधरा दिवसांनी तिथे साडेसहा मिलिमीटर केस असतील. कडा दोन नंबरच्याही पुढे गेल्या, चौपटीहून जास्त वाढल्या. वरचे दहा सेंटिमीटरचे केस मात्र साडेदहा झाले, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. यामुळेच फेड (खाली अगदी बारीक आणि वर हळूहळू दाट होत जाणारी कटिंग) इतक्या लवकर उतरतो. खालची फिकट पट्टी काळी होते, कडा फुगतात आणि चेहरा रुंद दिसू लागतो. कडेचे केस कात्री-कंगव्याने तीन-चार सेंटिमीटर ठेवून कापले असतील, तर तोच अर्धा सेंटिमीटर त्यांत मुरून जातो आणि आकार टिकतो.

म्हणून कोणती कटिंग करायची, याआधी आपण किती दिवसांनी खुर्चीत बसणार, हे ठरवावे. दर दोन आठवड्यांनी जाणाऱ्याने हौसेने फेड करावा. दीड महिन्याने जाणाऱ्याला कात्रीवर हुकमत असलेला कारागीर शोधण्याला पर्याय नाही. आणि "पुन्हा कधी येणार?" असे जो आपणहून विचारतो, त्याला हे गणित कळलेले आहे असे खुशाल समजावे.

डोके वाचणारा हात

प्रत्येक डोक्याची घडण वेगळी. बहुतेकांच्या डोक्यावर भोवरा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, काहींचा उलटा, तर काहींना दोन भोवरे असतात. भोवऱ्यापाशी केस मुळातूनच तिरपे उगवतात. तिथे ते फार आखूड कापले की त्यांचे वजन जाते आणि ते ताठ उभे राहतात. मानेवरचे केसही सरळ खाली येतातच असे नाही. कुणाचे डावीकडे वळतात, कुणाचे चक्क वर चढतात. मशीन एकाच दिशेने फिरवली की तिथे ठिपके राहतात आणि आठवड्यात मान मळकट दिसू लागते.

आमच्या पेठेतल्या एका जुन्या दुकानात साठीचे एक कारागीर काम करतात. त्यांची सुरुवात पाहण्यासारखी असते. ते पाण्याचा फवारा लगेच उचलत नाहीत. केस कोरडे असतानाच बोटे फिरवतात, कारण ओला केस आपला खरा स्वभाव लपवतो. मग अंगठ्याने डोक्याच्या मागचे उंचवट्याचे हाड चाचपतात. त्या हाडाच्या खाली केस आखूड केले आणि वर थोडा भार ठेवला की चपटे डोकेही गोलसर दिसते. भोवऱ्याचा भाग ते सगळ्यात शेवटी घेतात. केस दोन बोटांत धरतात, कात्री उभी करून फक्त टोके टिपतात आणि प्रत्येक वेळी हात सोडून केस कुठे पडतो ते बघतात. गिऱ्हाईक चष्मा लावणारे असेल तर कल्ले कापण्याआधी चष्मा घालायला सांगतात, कारण काडी कल्ल्यांवरून जाते आणि डावी-उजवी बाजू सारखी आहे की नाही, ते तेव्हाच कळते. हेल्मेट रोज घालता का, हेही विचारतात. पाऊण तास लागतो, पण महिनाभर केसांकडे बघावे लागत नाही.

कुणाचा हात कशात

सगळ्यांना सगळे येते, असे या कामात नसते. विजेवर चालणारी हातात मावेल अशी मशीन अमेरिकेत लिओ वॉल यांनी विकसित केली. त्यांना १९२१ मध्ये पेटंट मिळाले आणि हळूहळू साऱ्या जगाच्या केशकर्तनालयांत मशीनचा आवाज घुमू लागला. आजचे अनेक तरुण कारागीर मशीनवरच शिकले आहेत. एका नंबरातून दुसऱ्यात रेघ न दिसता जाण्यात त्यांचा हात बसलेला असतो. कात्रीची सफाई मात्र वर्षानुवर्षांच्या सरावाने येते. फेड हवा असेल तर मशीनवर हात बसलेल्याकडे जा, भांग पाडून बसणारी नेहमीची कटिंग हवी असेल तर कात्रीत मुरलेल्याकडे.

कुरळ्या केसांचे शास्त्र आणखी वेगळे. ते वाळताना आखडतात. त्यामुळे ओले असताना बेताने कापलेले केसही घरी पोचेपर्यंत नको तितके आखूड होतात. विरळ केसांवर थिनिंगची कात्री सढळ हाताने चालवली की टाळू आणखी उघडी पडते. जाणता कारागीर तिथे कडा आखूड करून वरचे केस भरलेले भासवतो. तान्ह्या बाळाचे जावळ काढणारा, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची घरी येऊन दाढी करणारा, लष्करी छावणीजवळचा तिथली शिस्त ठाऊक असलेला, असे प्रत्येकाचे आपापले प्रावीण्य असते. आपल्यासारखेच केस असलेल्या माणसाची कटिंग आवडली, तर "कुणाकडे करता?" असे विचारावे. याहून चांगली शिफारस नाही.

आणि कारागिराचे नाव लक्षात ठेवावे. अनेक सलूनांत कारागीर टक्केवारीवर काम करतात. बरे जमले की दुसरीकडे जातात किंवा स्वतःचे दुकान टाकतात. पाटी तीच राहते, हात बदलतो.

धोकटीपासून खुर्चीपर्यंत

या हातांना मोठा वारसा आहे. बारा बलुतेदारांपैकी एक असलेला नाभिक वस्तरा, कातर, नराणी, वाटी आणि आरसा धोकटीत घालून घरोघर जाई, आणि वर्षाच्या कामाचा मोबदला सुगीला धान्यात मिळे. संत सेना महाराज याच व्यवसायातले. कसबाच्या जोडीला या समाजाने विवेकही दाखवला. १८९० मध्ये मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करायचे नाही असा निर्धार केला. त्यामागे महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा पुढाकार होता. ज्या कामावर पोट चालते ते काम अन्याय्य आहे म्हणून नाकारायला मोठे धैर्य लागते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हासूर सासगिरीच्या शांताबाई यादव यांनी १९८०च्या दशकात पतीच्या निधनानंतर वस्तरा हाती घेतला, लोकांचे बोल सोसले आणि त्या कमाईवर चार मुली वाढवल्या. ज्या हातांपुढे आपण डोके ठेवतो, त्यांच्याशी अरे-तुरेने बोलणे शोभत नाही.

वस्तरा, तुरटी आणि मान

सफाई पाहिल्याशिवाय खुर्चीत बसू नये. पाते नवे हवे आणि ते आपल्या डोळ्यांदेखत कागदातून निघायला हवे. हेपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरू शकतो, त्यामुळे पाते नुसते पुसून भागत नाही. तुरटीचा एकच खडा दिवसभर सगळ्यांच्या गालांवर फिरत असेल तर नम्रपणे नको म्हणावे. कंगवे-कात्र्या ठेवायच्या निळ्या दिव्याच्या (अतिनील किरणांच्या) पेटीवर विसंबू नये. ते किरण जिथे पडतात तिथेच काम करतात, कंगव्याच्या दात्यांत अडकलेल्या केसांखाली पोचत नाहीत. मशीन आधी ब्रशने झाडून मग जंतुनाशकाने पुसली पाहिजे. टॉवेल धुतलेला असावा.

चंपी जरूर करून घ्यावी, पण मान कडकन मोडू देऊ नये. अशा झटक्याने मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते आणि पक्षाघातापर्यंत पाळी येऊ शकते. चांगला कारागीर आपणहून हे टाळतो. डोक्याच्या मागच्या बाजूला पडलेली चाई किंवा नायट्याचा चट्टा पुष्कळदा त्यालाच आधी दिसतो. तो बाजूला घेऊन "डॉक्टरांना दाखवा" असे सांगतो, आणि ते ऐकावे.

सांगायचे कसे

"मिडियम करा" किंवा "जरा बारीक" यातून काही कळत नाही. कडेला किती नंबर, कानावर केस यावेत की नकोत, मानेची कड सरळ हवी की हळूहळू फिकट होत जाणारी, भांग कुठे, एवढे सांगावे. फोटो दाखवायला संकोच करू नये, मात्र त्यातल्या माणसाचे केस आपल्याइतकेच दाट असावेत. मागच्या वेळी कुठे बिघडले तेही सांगावे. पहिल्या खेपेला थोडे लांबच ठेवायला सांगावे, कारण उरलेले कापता येते, कापलेले जोडता येत नाही.

वेळही नीट निवडावी. धनत्रयोदशी ते नरकचतुर्दशीच्या गर्दीत उत्तम हातही घाईला येतो. दिवाळीची कटिंग आठ-दहा दिवस आधी करावी, म्हणजे केस बसतात आणि कारागिरालाही सवड मिळते. लग्न-मुंजीच्या तोंडावर तर नवा हात आजमावूच नये.

पहिल्या कटिंगनंतर वीस दिवसांनी पुन्हा त्याच खुर्चीत बसा आणि काय टिकले, काय बिघडले ते स्पष्ट सांगा. जो ऐकून घेतो, डोके पुन्हा चाचपतो आणि दुसऱ्या वेळी हात बदलतो, तो आपला कारागीर. मग घासाघीस न करता त्याचा दर द्या, आधी विचारून वेळ घ्या आणि ती पाळा. तीन-चार कटिंगमध्ये त्याला आपले डोके पाठ होते, आणि त्या जाणकारीला शेजारच्या दुकानातली वीस-तीस रुपयांची स्वस्ताई कधीच पुरी पडत नाही.