टोकदार माथ्याचे दगड

अमेरिकेतल्या जुन्या लष्करी दफनभूमीत यादवी युद्धातला सैनिक कुठल्या बाजूचा होता, हे नाव न वाचताही कळतं. दगडाचा माथा गोलसर असला तर उत्तरेचा. टोकदार असला तर दक्षिणेचा, म्हणजे गुलामगिरी राखण्यासाठी देशातून फुटून निघालेल्या कॉन्फेडरेट राज्यांचा. टोक कशाला? ‘यांकींनी (म्हणजे उत्तरेकडच्यांनी) वर बसू नये म्हणून,’ असं दक्षिणेत गमतीनं सांगतात.

गंमत अशी की हा दगड सरकारच देतं, तेही ज्या सरकारविरुद्ध तो सैनिक लढला ते. 1865 साली युद्ध संपलं तेव्हा राष्ट्रीय दफनभूम्या उत्तरेच्या सैनिकांपुरत्या होत्या. दक्षिणेची थडगी तिथल्या बायकांच्या मंडळांनी सांभाळली. 1898 मध्ये अटलांटात राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांनी ही थडगीही साऱ्या देशानं जपावीत असं सुचवलं. मग 1906 च्या कायद्यानं उत्तरेच्या तुरुंगछावण्यांत मेलेल्या कैद्यांना दगड मिळाले आणि 1929 च्या कायद्यानं खासगी दफनभूमीतल्यांनाही.

आज वंशजांच्या संघटना असा दगड बसवतात तेव्हा छोटा सोहळा होतो. करड्या लोकरी गणवेशातली हौशी मंडळी, काळ्या पोशाखातल्या बायका, नावाचा पुकारा, बंदुकांची सलामी. भाषणांत शौर्याचा उल्लेख भरपूर असतो. युद्ध कशापायी झालं, हे मात्र बहुधा गाळलं जातं. मला ते गाळणं खटकतं. दगडावरचं नाव खटकत नाही.

कारण ही नावं टिकली कशी, ते एल्मायराला कळतं. न्यूयॉर्क राज्यातल्या या गावी 1864-65 मध्ये कैद्यांची छावणी होती. सुमारे 12,000 कैद्यांपैकी जवळजवळ 3,000 वर्षभरात देवी, हगवण आणि थंडीनं गेले. त्यांना तिथल्या वुडलॉन दफनभूमीत पुरण्याचं काम होतं जॉन डब्ल्यू. जोन्स यांच्याकडे. हे गृहस्थ व्हर्जिनियात गुलामीत जन्मलेले; 1844 मध्ये पळून उत्तरेत आले आणि पुढे पळून येणाऱ्या शेकडो जणांना आसरा देत राहिले.

म्हणजे ज्यांच्या तावडीतून निसटले, त्यांच्याच बाजूचे मुडदे आता रोज गाडीतून दारात येत होते. एका दफनाचे अडीच डॉलर मिळत. तेवढ्यासाठी खड्डा खणून माती लोटली असती तरी कुणी विचारलं नसतं. जोन्स यांनी प्रत्येकाचं नाव, पलटण, मृत्यूची तारीख आणि थडग्याचा क्रमांक लिहून ठेवला, डोक्याशी लाकडी फळी रोवली. एवढ्या गर्दीत निनावी राहिले ते अवघे 7.

फळ्या कुजल्या, वही राहिली. 1907 मध्ये तिच्याच आधारानं तिथं संगमरवरी दगड उभे राहिले. जोन्स 1900 सालीच वारले होते. त्यांचं थडगंही त्याच वुडलॉनमध्ये आहे.