कोपऱ्यावरचे साडेसात मीटर

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनसमोर, हडसन नदीच्या पलीकडच्या काठावर होबोकन नावाचे शहर आहे. लोकसंख्या साधारण 60,000, जमीन जेमतेम सव्वातीन चौरस किलोमीटर. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढेच, फक्त खूप दाट. शेजारच्या जर्सी सिटीत आणि पुढे एडिसनपर्यंत मराठी घरे पुष्कळ असल्यामुळे आपल्यातल्या अनेकांच्या नात्यागोत्यातले कोणी ना कोणी या शहरातून जाऊन आलेले असते. रस्त्यांची सुरक्षितता हा ज्यांच्या अभ्यासाचा विषय आहे त्यांच्यात मात्र होबोकनचे नाव वेगळ्याच कारणाने घेतले जाते. जानेवारी 2017 नंतर सात वर्षांहून अधिक काळ या शहराच्या रस्त्यांवर अपघातात एकही माणूस दगावला नाही. पायी चालणारा नाही, सायकलवाला नाही, गाडीतला नाही.

यासाठी शहराने उड्डाणपूल बांधला नाही की भुयारी मार्ग खणला नाही. सर्वांत जास्त लक्ष दिले ते रस्त्यांच्या कोपऱ्यांवर. 2015 साली तिथल्या वॉशिंग्टन स्ट्रीट या मुख्य बाजाररस्त्यावर रस्ता ओलांडताना एका वृद्ध बाईंचा जीव गेला. तेव्हा नगरपरिषदेत असलेले रवी भल्ला 2018 मध्ये महापौर झाले आणि रस्त्यांवरचे मृत्यू शून्यावर आणणे हे शहराचे जाहीर उद्दिष्ट ठरले. झेब्रा पट्ट्यापासून 25 फुटांच्या, म्हणजे साडेसात मीटरच्या आत गाडी उभी करायची नाही, हा न्यू जर्सी राज्याचा कायदा आधीपासून होताच. पण कायदा कागदावर असून भागत नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. होबोकनने काय केले, तर रस्त्याचे एकेक काम निघेल तसतसे त्या साडेसात मीटरांत गाडी उभी राहूच शकणार नाही अशी सोय केली. कुठे प्लास्टिकचे लवचीक खांब रोवले, कुठे सायकली लावायचे स्टँड ठेवले, कुठे फूटपाथच पुढे आणून कोपरा फुगवला. काही फुगवट्यांत झाडे लावून पावसाचे पाणी जिरवणारे वाफे केले. 2012 च्या सँडी वादळात हे सखल शहर पाण्याखाली गेले होते, त्यामुळे रस्ता ओलांडण्याचा प्रश्न आणि तुंबणाऱ्या पाण्याचा प्रश्न तिथे एकाच खर्चात हाताळता आला.

साडेसात मीटर जागा मोकळी ठेवल्याने जीव कसा वाचतो, हे नीट समजून घ्यायचे तर एका कोपऱ्यावर थोडा वेळ थांबावे लागेल. झेब्रा पट्ट्याला अगदी खेटून एक मोटार उभी आहे असे समजा. तिच्या पुढून रस्ता ओलांडणारी शाळकरी मुलगी त्या मोटारीच्या आडून बाहेर येईपर्यंत येणाऱ्या चालकाला ती दिसतच नाही आणि तिलाही तो दिसत नाही. उभ्या मोटारीची बाहेरची कड आणि धावत्या गाडीची वाट यांत अंतर असते फार तर एक मीटर. माणूस सेकंदाला साधारण 1.2 मीटर चालतो. म्हणजे ती दिसली आणि गाडीपुढे आली, यात एक सेकंदही जात नाही. धोका डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडायला चांगल्या, सावध चालकालाही एक सेकंद लागतोच. चालक कितीही सज्जन असो, मुलीला कितीही वेळा बजावलेले असो, या कोपऱ्यावर दोघांच्याही हातात काही उरलेले नसते.

आता ती उभी मोटार मागे सरकवा. मुलगी फूटपाथच्या कडेवर उभी असतानाच दिसू लागते. पार्किंगची दोन मीटर रुंदी ओलांडायला तिला दीड सेकंदापेक्षा थोडा जास्तच वेळ लागतो आणि तेवढा वेळ चालकाला मिळतो. कोपरा फुगवलेला असेल तर आणखी फायदा होतो. ती उभी राहते तीच जागा रस्त्यात पुढे आलेली असते आणि ओलांडायचे अंतर घटते. दोन्ही बाजूंना पार्किंग असलेला दहा मीटरचा रस्ता असेल, तर फुगवट्यांमुळे ते अंतर सहा मीटर होते. सेकंदाला 0.8 मीटर चालणाऱ्या आजींना आधी साडेबारा सेकंद गाड्यांच्या वाटेत काढावे लागत होते, आता साडेसात. अशी पाच सेकंदे चौकाचौकात वाचवत जाणे, हेच या कामाचे खरे स्वरूप आहे.

पण नुसते दिसून उपयोग नाही, थांबताही आले पाहिजे. इथे वेगाचे गणित येते आणि ते फार कठोर आहे. कोरडा रस्ता, चांगले टायर, चालकाला प्रतिसादासाठी एक सेकंद, असे सगळे अनुकूल धरून हिशेब करू. ताशी 30 किलोमीटरने येणारी मोटार पहिल्या सेकंदात 8.3 मीटर पुढे जाते आणि ब्रेक लागल्यावर पाचेक मीटरमध्ये थांबते. एकूण सव्वातेरा मीटर. ताशी 50 ने येणारी मोटार त्या पहिल्या सेकंदातच जवळजवळ 14 मीटर गेलेली असते. मूल साडेतेरा मीटरवर असेल, तर पहिली मोटार त्याच्या अलीकडे थांबते. दुसरी त्याला धडकते, आणि तीही पुऱ्या 50 च्या वेगाने, कारण तिचा ब्रेक अजून लागायचाच असतो. वेगातला फरक 20 किलोमीटरचा, पण परिणामांत जन्ममरणाचे अंतर.

गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आपण सगळे शाळेत शिकलो. त्याच सूत्राने पाहिले तर ताशी 30 चा वेग म्हणजे साडेतीन मीटरवरून, साधारण पहिल्या मजल्यावरून पडणे. ताशी 50 म्हणजे जवळजवळ दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून. स्वीडिश संशोधक योरान निल्सन यांनी रस्त्यांवरच्या सरासरी वेगाचा आणि अपघातांचा संबंध तपासला, तेव्हा प्राणघातक अपघात वेगाच्या चौथ्या घाताने बदलतात असे त्यांना आढळले. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर असे अपघात सुमारे चार टक्क्यांनी वाढतात. याच स्वीडनच्या संसदेने 1997 मध्ये ‘व्हिजन झीरो’ हे धोरण स्वीकारले. त्याचा गाभा असा: माणूस चुकणारच, तेव्हा चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, आणि रस्त्यावरचा वेग मानवी शरीराला सोसेल एवढाच असावा. 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे माणसे आणि वाहने एकत्र वावरतात तिथे ताशी 30 किलोमीटरची मर्यादा असावी, असे म्हटले गेले ते याच आधारावर. होबोकननेही 2022 मध्ये शहराची मर्यादा 20 मैलांवर, म्हणजे ताशी 32 किलोमीटरवर आणली.

मर्यादेची पाटी लावली म्हणून वेग उतरत नाही. चालक पाटीपेक्षा रस्ता जास्त वाचतो. समोर रुंद, सरळ, मोकळा डांबरी पट्टा असला की पाय आपसूक दाबला जातो. म्हणून वेग रस्त्याच्या आकारातच बसवावा लागतो, आणि त्यात वळणाचा कोपरा फार महत्त्वाचा. वळणाऱ्या गाडीला बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाला वळणाच्या त्रिज्येने भागून मिळतो. त्यामुळे तेवढाच जोर सोसायचा, तर वळणाची त्रिज्या चौपट केली की गाडी दुप्पट वेगाने वळू शकते. आपल्याकडे रस्ता रुंदीकरणात कोपरे सर्रास असे गोलाकार कापले जातात आणि त्याला ‘सुधारणा’ म्हणतात. प्रत्यक्षात आपण डावीकडे वळणाऱ्या दुचाकीला, रिक्षाला वेग कमी न करता झेब्र्यावरून निघून जायची मुभा देत असतो.

इथे हमखास विचारला जाणारा प्रश्न रास्त आहे: कोपरे आवळले तर एसटी कशी वळणार? उसाच्या ट्रॉल्या, अग्निशमनाचा बंब? उत्तर असे की हे सगळ्या कोपऱ्यांना लागू नाही. एसटीचा आणि ट्रॉल्यांचा मार्ग ठरलेला असतो. तिथे त्रिज्या मोठी ठेवावी. बाकी कोपऱ्यांवर बाहेरचा भाग दोन-तीन इंच उंच, खडबडीत फरसबंदीचा करतात. बंब त्याच्यावर चाक चढवून वळतो, मोटारवाला मात्र धक्का नको म्हणून त्याला वळसा घालून हळू वळतो. गतिरोधकाबद्दलही असेच. आपला नेहमीचा अरुंद उंचवटा रात्री दिसत नाही, सायकलवाल्याला खाली उतरवतो आणि कडेच्या फटीतून दुचाकी सुसाट निघते. त्याऐवजी झेब्राच फूटपाथच्या पातळीला उचलला, आणि त्याला दोन्हीकडून सौम्य उतार दिला, तर चालणारा सपाट चालत जातो आणि चढउतार वाहनाच्या वाट्याला येतो. व्हीलचेअर, बाबागाडी, भाजीची हातगाडी सगळ्यांना तो सोयीचा पडतो.

याच्याही पुढे गेलेले शहर पाहायचे तर स्पेनमधले पाँतेवेद्रा. वस्ती सुमारे 83,000. मिगेल आन्शो फेर्नांदेस लोरेस हे व्यवसायाने डॉक्टर. 1999 मध्ये ते महापौर झाले आणि त्यांनी शहराच्या जुन्या मध्यभागातली तीन लाख चौरस मीटर जागा पायी चालणाऱ्यांची केली. गाड्यांना बंदी सरसकट नव्हती. तिथे राहणारे आणि माल पोहोचवणारे येऊ शकत होते. शहर ओलांडण्यासाठी मधून जाणे आणि जागा शोधत गोल गोल फिरणे तेवढे बंद झाले. गाड्यांसाठी कडेला वाहनतळ केले. 2011 मध्ये शहराने एक नकाशा काढला, मेट्रोच्या नकाशासारखा दिसणारा, पण त्यात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी चालत किती मिनिटे लागतात ते दाखवले होते. लहान शहराचे बलस्थान त्या नकाशाने लोकांच्या नजरेत भरवले, ते म्हणजे बहुतेक सगळे चालण्याच्या टप्प्यात आहे. ज्या रस्त्यांवर 1996 ते 2006 या काळात 30 माणसे अपघातात गेली होती, तिथे पुढच्या दहा वर्षांत तीन गेली.

सायकलींच्या बाबतीत विज्ञानाला आणखी एक गोष्ट सापडली आहे, आणि मला ती या विषयातली सर्वांत आश्वासक वाटते. पीटर जेकबसन यांनी 2003 मध्ये वेगवेगळ्या शहरांची आणि देशांची आकडेवारी एकत्र ठेवून दाखवले की चालणारे आणि सायकल चालवणारे दुप्पट झाले, तर अपघात दुप्पट होत नाहीत. एकेका माणसाचा धोका सुमारे एक तृतीयांशाने घटतो. चालकांना सायकली दिसण्याची सवय लागते, हे त्याचे एक कारण मानले जाते. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. सकाळी साडेदहाला शाळेकडे निघालेला मुलींच्या सायकलींचा घोळका ही सुरक्षिततेची आयती सुरुवात आहे. त्यांना मिळत नाही तो त्यांच्या हक्काचा दीड-दोन मीटरचा पट्टा. तो नुसता रंगवला तर तासाभरात त्याच्यावर गाड्या लागतात आणि उभ्या गाडीचे दार अंगावर उघडण्याची भीती वेगळी. पट्टा फूटपाथ आणि पार्किंगच्या मधे असला, आणि दार उघडण्यापुरती जागा सोडून त्याला कठडा दिला, तरच बारावीतली मुलगी धाकट्या भावाला मागे बसवून निर्धास्त जाऊ शकते.

भारतात 2022 मध्ये रस्ते-अपघातांत 1,68,491 माणसे गेली. त्यांतली 32,825 पायी चालणारी होती, रोजची नव्वद. यांच्याजवळ हेल्मेट नसते, सीटबेल्ट नसतो, विमाही बहुधा नसतो. चालण्याजोगा फूटपाथ हा घटनेच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये स्पष्ट केले. फूटपाथ कसा असावा हेही इंडियन रोड्स काँग्रेसने लिहून ठेवले आहे: चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी, कडेची उंची 15 सेंटीमीटरपेक्षा जास्त नाही. कोणत्याही गावच्या स्टेशन रोडवर टेप घेऊन जावे. गटारावर टाकलेल्या हलत्या फरश्या, मधोमध वीजमंडळाची डीपी, फलकाचा खांब, टपरी, आणि गुडघ्याएवढी उंची. त्या उंचीवर आजोबा चढत नाहीत, म्हणून रस्त्यावरून चालतात. आणि मग अपघाताच्या नोंदीत ‘पादचारी अचानक आडवा आला’ असे लिहिले जाते. त्या वाक्याचा मला मनापासून राग येतो. तो अचानक आला नव्हता. त्याला चालायला दुसरी जागाच ठेवलेली नव्हती.

दुकानदारांचा विरोध होतो तो बहुतेक पार्किंगवरून. त्यांच्याशी बोलताना साडेसात मीटरचा हिशेब त्यांच्यासमोर मांडावा: प्रत्येक बाजूला कोपऱ्यावरची एक-दीड मोटारीची जागा जाते. त्याच जागेत दहाएक सायकली किंवा पाच-सहा स्कूटी राहतात, आणि त्यांच्या आडून मूल झाकले जात नाही.

एखाद्या नगरपालिकेला हे करून पाहायचे असेल, तर सल्लागार नेमून शहरभराचा आराखडा येईपर्यंत थांबायची गरज नाही. पोलीस ठाण्यातून गेल्या तीन वर्षांच्या अपघातांच्या नोंदी घेऊन नकाशावर ठिपके मांडावेत. शाळा, एसटी स्टँड आणि मंडईजवळचे दोन-तीन चौक आपोआप पुढे येतील. त्यांतल्या एका चौकात चुन्याने फुगवटे आखावेत, त्यांच्या कडेने रेतीच्या गोण्या आणि कुंड्या ठेवाव्यात, आणि महिनाभर तसेच राहू द्यावे. आखण्याआधी आणि नंतर, शाळा सुटायच्या वेळी, 20 मीटरचे अंतर मोजून मोबाइलवर चित्रण करावे: ते अंतर 2.4 सेकंदांत कापणारी गाडी ताशी 30 ने चाललेली असते, 1.4 सेकंदांत कापणारी 51 ने. किती गाड्या थांबल्या, किती माणसांना पळत ओलांडावे लागले, तेही त्यात दिसेल. एसटीचे चाक जिथे गोणीवर चढते तिथली गोणी मागे घ्यावी, दुचाक्या जिथून घुसतात तिथे आणखी एक कुंडी ठेवावी. महिन्याभराने जी आखणी टिकेल तिच्यावर काँक्रीट ओतावे.