कागदावरचं वजन, काट्यावरचं वजन

संग्रामपूर नाहीतर जळगाव जामोदकडची एखादी गरोदर बाई नवव्या महिन्यात खामगावला सोनोग्राफी करून येते. कागदावर बाळाचं वजन २४६० ग्रॅम लिहिलेलं असतं. अडीच किलोच्या आत म्हणजे बाळ कमी वजनाचं, एवढं आता घरोघरी ठाऊक झालंय. सासू-आईच्या जिवाला घोर लागतो.

हे वजन कुणी केलेलं नसतं. यंत्र डोक्याची रुंदी, डोक्याचा व पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजतं. ग्रॅम येतात सूत्रातून. अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या फ्रँक हॅडलॉक यांनी १९८५ साली मांडलेलं सूत्र आजही सर्रास वापरतात. त्याचा अंदाज दहापैकी साधारण सात बाळांच्या बाबतीत खऱ्या वजनाच्या १० टक्के मागेपुढे येतो. उरलेल्यांत आणखी चुकतो. त्यामुळे २४६० चं बाळ २७०० चंही निघतं. मला जास्त काळजी वाटते ती २६०० लिहिलेल्या कागदाची. घर निर्धास्त होतं आणि बाळ २३५० चं असू शकतं.

नाजूक माप पोटाचं. बाळ आडवंतिडवं असलं, गर्भजल कमी असलं की छेद तिरका येतो, घेर फुगतो, वजनही फुगतं. शिवाय स्नायू चरबीपेक्षा जड असतो, हे सूत्राला कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आतली, हातापायांनी किडकिडीत. कातडीखालची चरबी मात्र टिकून होती. अशा बाळांना ह्यूस्टनचं सूत्र कितपत लागू पडतं, ते आपल्याकडेच तपासायला हवं. प्रसूतिगृहात सोनोग्राफीचा कागद असतो, जन्माच्या वेळचं वजनही असतं. दोन्ही आकडे, मधल्या दिवसांसह, एका वहीत शेजारी लिहिले तरी जिल्ह्यापुरती चूक हाती लागेल. मधले दिवस महत्त्वाचे, कारण शेवटच्या महिन्यात बाळ आठवड्याला २०० ग्रॅमच्या आसपास वाढतं.

म्हणून एका आकड्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं केलेल्या दोन तपासण्या जास्त सांगतात. वाढ थबकलेली दिसली, तर नवजात बाळांचा विशेष कक्ष असलेल्या रुग्णालयात बाळंतपण ठरवायला वेळ मिळतो; १८०० ग्रॅमच्या आतलं बाळ तिथेच ठेवावं लागतं. बाकीची घरी येतात, आणि तिसऱ्या दिवशी आशाताई झोळीचा काटा घेऊन दारात उभ्या राहतात.